मासोळीची हिरवी रेघ

१

बंद खोलीतलं बोलणं बाहेर फुटलं होतं, आणि ते कुणी फोडलं हे आमच्या अध्यक्षांनी चहाचा कप खाली ठेवायच्या आत ठरवूनही टाकलं होतं.

"मनताईंना उद्या सकाळी निरोप द्यायचा," ते म्हणाले. "तुम्ही फक्त होकार द्या. उगाच फाटे फोडू नका."

फाटे फोडायचाच तर मला पगार मिळतो. या पोहण्याच्या क्लबात मुलांना, आणि ज्यांना आपली बाजू नीट मांडता येत नाही अशा मोठ्या माणसांना, कुणी त्रास देत नाही ना हे बघणं माझं काम आहे. मुलं मला तोंडावर काकू म्हणतात आणि पाठ फिरली की खडूस काकू. मला दोन्ही चालतं. मला स्वतःला पोहता येत नाही, हेही सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावर भरपूर हसून झालेलं आहे.

प्रकरण असं होतं. मासोळी ही आमची चौदा वर्षांची सगळ्यात वेगवान मुलगी. गेले काही आठवडे तिचं हसणं बंद झालं होतं, सरावाला ती दाराजवळच घुटमळायची. म्हणून ती मनताईकडे बसायला लागली. मनताई आमची क्रीडा मानसशास्त्रज्ञ. काल संध्याकाळी मासोळी तिच्या खोलीत होती, आणि आज सकाळी मासोळीची आई तक्रार घेऊन हजर. तिचं म्हणणं, मुलगी आत जे बोलली ते सरांना लगेच कळलं आणि सरांनी तिला, म्हणजे आईला, तसा फोन केला. कालपासून मासोळी मनताईकडे बघायलाही तयार नव्हती.

सर म्हणजे मुख्य प्रशिक्षक. त्यांचं नाव निघालं की अध्यक्षांचा आवाज मऊ होतो. उद्या सकाळी सात वाजता सर मुलांना घेऊन तीन आठवड्यांच्या शिबिराला निघणार होते. मनताईही जाणार होती. आता ती जाणार नव्हती. म्हणजे तीन आठवडे मासोळी घरापासून लांब, सरांच्या हाताखाली, आणि जिच्याशी बोलावं असं एकही माणूस जवळ नाही. मला काळजी होती ती याची.

"होकार उद्या सकाळी," मी म्हटलं. "तोवर मला सगळ्यांशी बोलायचंय."

"बोला की. पण बस सातला सुटणार."

२

मनताईची खोली तलावाच्या कोपऱ्यात आहे. तिची एक भिंत काचेची, ती माझ्याच हट्टामुळे. आत काय चाललंय ते सगळ्यांना दिसावं, पण ऐकू कुणालाच जाऊ नये. दारावर एक कागद चिकटवलेला आहे, त्यातला मजकूरही माझाच. इथलं बोलणं इथेच राहील. कुणी तुला इजा करत असेल तर मात्र ते काकूंना सांगावं लागेल, आणि सांगायच्या आधी आम्ही तुला तसं सांगू.

मनताई खोक्यात पुस्तकं भरत होती.

"तुम्ही सरांना काही सांगितलंत का?" मी सरळच विचारलं.

"नाही."

"मग मासोळी काय बोलली ते मला सांगा. कुठून फुटलं ते शोधायला बरं पडेल."

"नाही सांगणार, काकू."

"अहो, नोकरी जातेय तुमची."

"जाऊ दे."

"निदान एवढं तरी. सरांबद्दल काही बोलली का ती?"

तिने पुस्तक खोक्यात ठेवलं. "ती बोलली की नाही बोलली, हेसुद्धा तिचंच आहे. आज मी स्वतःला वाचवायला म्हटलं की ती काही बोलली नाही, तर उद्या ज्या मुलाबद्दल मी गप्प बसेन तो नक्की बोलला असं सगळे धरून चालतील. मग या खोलीत यायचं कुणी?"

मी भडकले. मी तिला वाचवायला आले होते आणि ही बाई माझ्याच तोंडावर दार लावत होती. घरी जाऊन तत्त्वं कुरवाळत बसा, असं काहीतरी मी बोलले. मग जरा थंड झाल्यावर विचारलं, "बरं, तुमच्या बाजूचं सांगा. तुम्ही काल नेहमीपेक्षा वेगळं काय केलंत?"

तिने विचार केला. "विशेष काही नाही. ती पाण्यातून तशीच आली होती, छातीचा पट्टा लावलेलाच होता. काढायला निघाली तर मी म्हटलं असू दे. श्वासाचा सराव करताना आपले ठोके आपल्यालाच घड्याळात दिसले की मुलांना बरं वाटतं."

तो पट्टा आमच्याकडे सगळीच मुलं सरावात लावतात, हृदयाचे ठोके मोजायला. मी मान डोलावली आणि निघाले. मनताईच्या खोलीतल्या एकेका प्रकाराची सर नेहमी टिंगल करायचे, मुलांसमोरसुद्धा. "डोळे मिटून पोहायला शिका, म्हणजे पाण्याचा खर्च वाचेल." पोरं हसायची, मनताईही हसायची.

तलावाच्या कडेने चालताना माझ्या डोक्यात दारावरचा कागद घोळत होता. मासोळीने इजा होत असल्याचं काही सांगितलं असतं, तर नियमाप्रमाणे ते काल रात्रीच्या आत माझ्यापर्यंत यायला हवं होतं. आलं नव्हतं. म्हणजे एक तर मनताईने नियम मोडला होता, नाहीतर त्या खोलीत फुटण्यासारखं काही नव्हतंच. आणि नव्हतंच, तर सरांना कळलं काय?

३

मासोळीची आई नर्स आहे. मी गेले तेव्हा ती नुकतीच पाळीवरून आली होती, पायातले बूटही काढले नव्हते. घर लहान, स्वच्छ. खिडकीच्या गजांना पोहण्याचे दोन चष्मे वाळत घातलेले, एक मासोळीचा आणि एक मामाचा. मामा म्हणजे या बाईंचा धाकटा भाऊ. वय चाळिशीच्या आसपास. त्याला गोष्टी उशिरा उमगतात, गर्दी झाली की तो कानांवर हात ठेवतो. पण पाण्यात उतरला की त्याच्याइतका सुखी माणूस मी पाहिलेला नाही. आठवड्यातून तीनदा त्याच्यासारख्या मोठ्यांचा एक तास असतो, तोही सरच घेतात.

"मला सोडून परक्या बाईला सांगितलं हो तिने," आई म्हणाली. "मी काय मेले होते का?"

तिचा राग मनताईवर कमी आणि स्वतःवर जास्त होता. मी ते बोलून दाखवलं नाही. "सर फोनवर नक्की काय म्हणाले?"

"ते म्हणाले वाढवू नका."

"वाढवायचं की नाही ते नंतर बघू. त्यांचे शब्द सांगा."

तिने डोळे मिटून आठवलं. "म्हणाले, तिने आत सामानाच्या खोलीबद्दल जे सांगितलंय ते मनावर घेऊ नका. आतल्या माणसानेच मला कळवलं. त्या दाराची कडी अडकते. पोहायला जास्त वेळ लागला म्हणून मी कुणाला…" ती थांबली. मग हळू आवाजात पुढचं म्हणाली. "म्हणून मी कुणाला कोंडत नाही."

"कोंडत नाही?" मी विचारलं.

"मी कुठे म्हटलं होतं ते कोंडतात म्हणून?" ती म्हणाली. तिने बूट काढायला हात खाली नेला आणि तो तसाच राहिला. "काकू, मी फक्त हो हो म्हटलं. दिवसभर मनताईला शिव्या घातल्या. हे मला ऐकूच आलं नाही."

"आता आलं ना? बास झालं. फोन कधी आला?"

"मी तिला घ्यायला आले होते, गाडी लावत होते. मासोळी आतच होती अजून. नंतर चांगली थांबले मी तिच्यासाठी."

मी पुन्हा विचारलं. तिने फोन काढून दाखवला. सरांचा फोन आला तेव्हा तास अर्धाही झालेला नव्हता. मनताई त्या वेळी काचेच्या भिंतीआड, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मासोळीसमोर बसलेली होती. तिने सरांना कळवलं असणं शक्यच नव्हतं.

मी जिन्यात जाऊन मुलांच्या संरक्षणाचं काम बघणाऱ्या सरकारी कचेरीत फोन लावला आणि ऐकलं ते सगळं सांगितलं. अध्यक्षांची परवानगी घेतली नाही. तशी ती घ्यायची नसतेच. तिथल्या बाई म्हणाल्या, उद्या दहाला माणसं येतील, तोवर मुलीला सरांबरोबर एकटं सोडू नका. दहा म्हणजे बस सुटून तीन तास झालेले.

आत आले तर आई तशीच बसून होती.

"मनताई नसेल तर मग कोण?" ती म्हणाली. तिने शेजारच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. "काल मामा होता तिथे. त्या खोलीबाहेरच्या बाकावर बसवून गेले होते मी त्याला."

४

मामा पलंगावर बसून टॉवेलच्या घड्या घालत होता.

"मामा, काल मासोळी मनताईंकडे होती तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"तो बाकावर होता, मी सांगितलं ना," आई म्हणाली.

"ताई, मी त्यांना विचारलंय."

मामाने टॉवेलची घडी मोडली, पुन्हा घातली. मी काही घाई केली नाही. लोक याच्याशी बोलताना दोन सेकंदही थांबत नाहीत आणि मग म्हणतात याला काही सांगता येत नाही.

"बाकावर नाही," मामा म्हणाला. "सरांकडे. पाटी बघत होतो."

पाटी म्हणजे सरांचा टॅब, हे मला कळायला वेळ लागला. "पाटीवर काय असतं?"

"रेघा." त्याचा चेहरा खुलला. "सगळ्यांच्या रेघा. जाड्याची लाल. मासोळीची हिरवी. पोहलं की रेघ वर जाते. बसलं की खाली."

"काल मासोळीची हिरवी होती?"

"होती. मासोळी खोलीत, रेघ पाटीवर." त्याने हवेत बोट फिरवून दाखवलं. वर, खाली, वर, खाली. "चार डोंगर. सर पहिला डोंगर झाला तेव्हा उठले. दुसऱ्याला म्हणाले, ओकतेय कार्टी सगळं. मग लांब गेले, फोन केला."

"तिसऱ्याला?"

"तेव्हा नव्हते सर. मीच बघितला. चौथा सगळ्यात मोठा."

आईने तोंडावर हात ठेवला. मला मात्र तिथेच त्याला सलाम ठोकावासा वाटला. पट्टा मनताईने काढू दिला नव्हता. तिला वाटलं ठोके मुलीच्या मनगटावरच्या घड्याळातच जातात. ते भिंतीपलीकडे सरांच्या हातातल्या टॅबवरही जात होते. काचेची भिंत मी बांधून घेतली, आवाज अडवला, आणि पोरीचं काळीज त्या माणसाला सरळ दिसत राहिलं.

म्हणजे सरांना त्या खोलीतला एक शब्दही कळला नव्हता. खुर्चीत शांत बसलेल्या मुलीचे ठोके अचानक वाढले, एवढंच त्यांनी पाहिलं. ती काय बोलत असेल ते त्यांनी स्वतःच्या मनातून भरलं.

पण मग ते चार डोंगर कसले होते? मनताई सांगणार नव्हती. उरली मासोळी, आणि ती कालपासून कुणाशी नीट बोलत नव्हती.

५

मासोळी गच्चीत भिंतीला पाठ लावून बसली होती. मी जवळ बसले, गुडघे कुरकुरले.

"मनताईची वकिली करायला आलात?" तिने विचारलं.

"नाही. आणि तुझ्याकडून काही काढून घ्यायलाही नाही. मला कळलेलं तुला सांगायला आलेय. एक आधीच सांगते, कुणी तुला त्रास देतंय असं माझ्या कानावर आलं तर ते मी गुपित ठेवणार नाही. आज थोडं आलंय, आणि ते मी योग्य लोकांना कळवलंय. मग माझ्यावर चिडायचं असेल तर चीड."

ती माझ्याकडे वळली. "कालच सर मला म्हणाले, मनताईने मला सगळं सांगितलं. मला वाटलं तिने काहीतरी बनवून सांगितलं. कारण मी तर…" तिने ओठ घट्ट मिटले.

मी तिला मामाच्या पाटीबद्दल सांगितलं. हिरवी रेघ, डोंगर, सगळं. ती ऐकता ऐकता सरळ बसली.

"चार?" तिने विचारलं.

"मामा म्हणतो चार. शेवटचा सगळ्यात मोठा."

आणि मासोळी हसली. कित्येक आठवड्यांनी ते हसू बघितलं मी.

"काकू, मी काहीच बोलले नव्हते. मी पोहत होते."

"कुठे पोहत होतीस?"

"खुर्चीत. डोळे मिटून अख्खी शर्यत पोहायची. एक फेरी झाली की डोळे उघडायचे, श्वास घेऊन ठोके खाली आणायचे, मग पुढची फेरी. माझ्या शर्यतीच्या चार फेऱ्या असतात. शेवटच्या फेरीत मी दोघींना मागे टाकलं." तिने गुडघ्यावर बोटं आपटली. "मनताई एकदा तरी सांगू शकली असती ना, की मी काही बोलले नाही?"

"सांगू शकली असती. मी डोकं फोडून विचारलं. नोकरी गेली तरी चालेल म्हणाली, पण बोलली नाही."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

"मामाचा तास बंद होईल का?" तिने एकदम विचारलं. "मी काही बोलले तर?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कुणी म्हटलं असेल हे तिला, ते विचारावं लागलंच नाही. "तो तास क्लबचा आहे, कुणाच्या बापाचा नाही. तो बंद करायला कुणी आलंच, तर त्याला आधी मला पाण्यात ढकलावं लागेल. आणि मला पोहता येत नाही, म्हणजे केवढा गोंधळ होईल बघ."

तिने नाक पुसलं.

"उद्या तुझं एकच वाक्य सांगू का?" मी विचारलं. "तू बोलत नव्हतीस, पोहत होतीस, एवढंच. बाकी काही नाही. तू यायचीही गरज नाही. नको म्हणालीस तर मी दुसरी वाट शोधेन."

"सांगा," ती म्हणाली. "बाकीचं मी सांगेन. पण मनताईच्या खोलीत. तुम्ही पण बसा."

६

सकाळी बस फाटकात घुरघुरत होती. अध्यक्षांच्या खोलीत सर उभे होते, गळ्यात शिट्टी, काखेत टॅब. मनताई पुस्तकांच्या खोक्याशेजारी. मासोळीच्या आईला आणि मामाला मी मागोमाग आत आणलं, तेव्हा अध्यक्षांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"सर, एकच विचारते," मी म्हटलं. "मासोळी आत काय बोलली ते तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मनताईंनी. किती वेळा तेच तेच?"

"तास संपल्यावर?"

"अर्थात."

आईने फोन अध्यक्षांच्या टेबलावर ठेवला. अध्यक्षांनी चष्मा लावून वेळ बघितली, मग तासांच्या वेळा लावलेल्या भिंतीकडे बघितलं.

"मध्येच बाहेर येऊन सांगितलं असेल," सर म्हणाले. "आठवत नाही नेमकं. मुद्दा तो नाही. पोरगी सामानाच्या खोलीबद्दल काहीतरी रचून सांगत होती, ते मी तिच्या आईच्या कानावर घातलं. त्यात काय चुकलं?"

"सामानाच्या खोलीबद्दलच सांगत होती, हे पक्कं?"

"पक्कं म्हणजे? तेच सांगत होती."

"मासोळीने मला एक वाक्य तुमच्यासमोर सांगायची परवानगी दिलीय," मी म्हटलं. "ती त्या तासात काही बोललीच नाही. ती खुर्चीत डोळे मिटून पोहत होती. चार फेऱ्या. तुमच्या टॅबवर चार डोंगर दिसले ते तेच. तुम्हीच ज्याची टिंगल करता ना, ते."

सरांनी काखेतला टॅब हातात घेतला आणि पुन्हा काखेत धरला. मामाने त्याकडे बोट केलं. "हिरवी रेघ," तो म्हणाला.

"या क्लबात सामानाच्या खोलीबद्दल कुणीही तक्रार केलेली नव्हती," मी पुढे म्हटलं. "मुलीने नाही, मनताईने नाही, आईने नाही. कोंडण्याचा शब्द पहिल्यांदा उच्चारला तो तुम्ही. न झालेल्या आरोपाला उत्तर द्यायची एवढी घाई कशाची होती?"

"एका अशा माणसाच्या शब्दावर तुम्ही मला…" सर मामाकडे बघून म्हणाले.

"कशा माणसाच्या?" आईने विचारलं. ती इतक्या शांतपणे बोलली की अध्यक्षही खुर्चीत सावरून बसले. "तो तुमच्याशेजारी उभा होता. तुम्हाला वाटलं त्याला काही कळत नाही, म्हणून त्याच्यासमोर तोंड उघडलंत. माझ्या मुलीला कार्टी म्हणालात ना?"

अध्यक्षांनी घसा खाकरला. "हे बघा, चौकशी करू. रीतसर करू. पण आत्ता बस उभी आहे, स्पर्धा तोंडावर आहे. सर जाऊन येऊ देत, मग…"

"सर बसमध्ये चढणार नाहीत," मी म्हटलं. "दहाला चौकशीची माणसं येताहेत, मी कालच कळवलंय. तुम्हाला विचारायला आलेले नाही, सांगायला आलेय. मला काढायचं असेल तर खुशाल काढा. पण तोवर मी फाटकात बससमोर उभी आहे, आणि खाली सगळे पालक आहेत. मी तिथे का उभी आहे ते मला सगळ्यांनी विचारलं, तर काय सांगू ते तुम्हीच ठरवा."

अध्यक्षांनी खिडकीतून खाली पाहिलं. मग सरांकडे न बघता हात पुढे केला.

"टॅब ठेवा इथे," ते म्हणाले. "आणि शिट्टी."

बस तासभर उशिरा, सहायक प्रशिक्षक आणि मुलांपैकी दोघांच्या आया घेऊन निघाली. मनताईने खोक्यातली पुस्तकं परत कपाटात लावली. मी तिची माफी मागायला गेले तर म्हणाली, "काकू, तत्त्वं कुरवाळतेय, नंतर या."

७

मासोळी बसमधून गेली नाही. दुपारी, चौकशीची माणसं येऊन गेल्यावर, ती आली, आई बाहेर बाकावर बसली. काचेच्या खोलीत मनताई, मी आणि ती. आत यायच्या आधी तिने छातीचा पट्टा काढला आणि दाराच्या मुठीला बाहेरच्या बाजूने अडकवला. आता तिथे येणारं प्रत्येक मूल तेच करतं, कुणी सांगावं लागत नाही. मी त्यासाठी एक खुंटी ठोकून घेतली.

"मी तुझ्यावर चिडले होते," ती मनताईला म्हणाली.

"चालेल की," मनताई म्हणाली.

"आज मला काही बोलता आलं नाही तर?"

"तरी चालेल."

काचेपलीकडे मामाचा तास सुरू झाला होता. सरांच्या जागी आज दुसरीच एक बाई त्यांना शिकवत होती. मामा पाठीवर तरंगत होता, कान पाण्यात बुडवून, वर छताकडे बघत. मासोळी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने खुर्ची आमच्याकडे वळवली आणि बोलायला लागली.

तिने काय सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही. ज्यांना कळायला हवं होतं त्यांना ते त्याच दिवशी कळवलं, तिला सांगून, तिच्यासमोर. त्यानंतर सर पुन्हा कुठल्याच तलावावर दिसले नाहीत. बाकीचं तिचं आहे.